डाव्या चाकाची साक्ष

रविवार, १३ जुलै २०२५
आडगाव नाका, नाशिक

आप्पा,

नमस्कार पोचला असं समजा. फोन तुम्ही उचलत नाही, मेसेज पाहत नाही, म्हणून शेवटी पोस्टाला शरण आले. पत्र फाडता येतं, चुलीत घालता येतं, पण ब्लॉक करता येत नाही. शिवाय उज्वलाकाकूंना मी ओळखते. तुम्ही फाडलंत तरी त्या तुकडे जोडतील आणि जेवताना तुम्हाला वाचून दाखवतील.

बातमी अशी की मी गाडी उघडली. हो, तीच. साहेबांची दोन सीटची लाल स्पिटफायर. आज सकाळी गॅरेजचं शटर वर केलं, ताडपत्री ओढली, आणि इतकी धूळ उडाली की आई घरून ओरडली, कुठे आग लागली का म्हणून. बॉनेट उचललं. विसरला नसाल ना, अख्खं तोंडच पुढे कलंडतं तिचं. चाकं, स्प्रिंगा, स्टेअरिंगचा दांडा, सगळं उघडं समोर. टायरवर बसून काम करता येतं. मी बसले आणि खरं सांगते, मला हसूच आवरेना.

झालं असं, की विंचूरच्या वाइन पार्कातल्या एका मालकाला ही गाडी हवी होती. चालवायला नाही, फाटकापाशी उभी करायला. आत माती भरून झेंडू लावणार होता, म्हणजे येणारे-जाणारे फोटो काढतील. आणि अण्णा हो म्हणाले! देवळालीच्या पारशी साहेबांनी जाताना किल्ली ज्यांच्या हातात दिली, ते माझे वडील कुंडी करायला गाडी देऊन मोकळे. मी अशी भांडले की लंकाबाई शेजारून भिंतीला कान लावून उभ्या राहिल्या. शेवटी तह झाला. दसऱ्यापर्यंत गाडी चालू झाली तर राहील, नाही तर विंचूरला जाईल.

आता तुम्हाला आवडणार नाही ते. आठ वर्षांपूर्वी मी डिप्लोमाला होते, मला कोणी काही विचारलं नाही. पण दवाखान्यात मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. तुम्ही नामपूरला काकूंच्या माहेरी लग्नाला निघाला होतात, गाडी तुमच्या हातात, अण्णा शेजारी. भावडबारी घाटाच्या वळणावर गाडी कठड्यावर गेली आणि अण्णांचा डावा हात कोपरात मोडला. तुम्ही म्हणालात, "स्टेअरिंग एकदम हलकं झालं, दादा." आणि अण्णा म्हणाले, "गाडीला नाव ठेवू नको. ती माझ्या हाताखालची हाय. तुझंच चित्त नव्हतं." एवढंच. एवढ्यावर दोन भावांचं गॅरेज बंद पडलं. तुम्ही नामपूरला जाऊन कांदा मार्केटात वजनकाट्यावर बसलात, आणि काकू सांगतात की त्या दिवसापासून तुम्ही साधा ट्रॅक्टरसुद्धा हातात धरला नाही.

नाशिकमध्ये तुमच्यासारखी गाडी कोणी चालवत नव्हतं, आप्पा. मला ही गाडी चालू करायची आहे, आणि ती तुम्ही येऊन चालवायची आहे. माझं मागणं एवढंच आहे.

तुमची हर्षाली

रविवार, ३ ऑगस्ट

आप्पा,

उभे असाल तर बसा. चहा हातात असेल तर खाली ठेवा.

पुढचा डावा भाग पूर्ण उतरवला. स्प्रिंग सोडवताना घाम फुटला, चुकून सुटली असती तर मी छपरातून थेट ट्रक टर्मिनलवर गेले असते. अण्णा दारात स्टूल टाकून बसतात. लक्ष नाही असं दाखवतात, पण मी चुकीचा पाना उचलला की खोकतात. एका बाजूच्या पेचाचे आटे सुलटे आणि दुसऱ्या बाजूचे उलटे असतात, हे मला माहीत नव्हतं. मी बराच वेळ सोडवायचं म्हणून आवळतच होते. अण्णा खोकून खोकून थकले आणि शेवटी म्हणाले, "उलटा हाय तो. आपल्या घरातल्या माणसांसारखा." किती तरी दिवसांनी त्यांच्या तोंडून थट्टा ऐकली.

मुद्द्यावर येते. चाक ज्याला धरून असतं तो पोलादी पाय खाली पितळी घोट्यात आट्यांनी बसवलेला असतो. स्टेअरिंग फिरवलं की पाय घोट्यात फिरतो. घोटा हा शब्द अण्णांचाच आहे, पुस्तकातलं नाव राहू द्या. तर डावा पाय घोट्याच्या तोंडाशी तुटलेला होता. आजवर सगळे समजत होते की कठड्यावर आदळून तुटला. मीही तेच समजत होते.

पण मी अंबडच्या कंपनीत क्वालिटीला आहे, आप्पा. आमच्या खात्यात तुटलेला भाग कोणी फेकत नाही. आधी त्याची तूट, म्हणजे तुटलेली कड, बघतात. घोट्यात अडकलेला तुकडा काढला, रॉकेलने धुतला, आणि भिंगाखाली धरला. एका फटक्यात तुटलेलं पोलाद सगळीकडे सारखं, दाणेदार दिसतं. ही तूट तशी नव्हती. चारातले तीन हिस्से काळपट, त्यावर कांद्याच्या चकतीसारख्या एकात एक रेषा. फक्त एका कडेला नखाएवढी दाणेदार जागा. म्हणजे तडा कितीतरी महिने आत सरकत होता, आणि त्या दिवशी तेवढं नखच उरलं होतं. सोमवारी तुकडा डब्यात घालून कंपनीत नेला आणि आमच्या साहेबांनाही दाखवला. वळणावर धडकलेल्या गाडीचा आहे एवढंच म्हटलं, कोणाची ते सांगितलं नाही. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "हा वळणावर तुटला असणार. धडकायच्या आधी."

धडकायच्या आधी! मी शौचालयात जाऊन रडले आणि तोंड धुऊन बाहेर आले.

स्टेअरिंग खरंच हलकं झालं होतं, आप्पा. चाक आत दुमडलं होतं. जगातला कोणताही ड्रायव्हर काही करू शकला नसता. तुमची चूक नव्हती. मोठ्या अक्षरात लिहिते, म्हणजे काकूंना चष्म्याशिवाय वाचता येईल. तुमची चूक नव्हती.

अण्णांना अजून सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला कळायला हवं होतं. आता तरी फोन करा.

हर्षाली

रविवार, २४ ऑगस्ट

आप्पा,

फोन नाही. ठीक आहे. मी पण तुमचीच पुतणी आहे.

उजवी बाजू उघडली. ही बाजू कठड्याला लागलीच नव्हती, रंगसुद्धा उडालेला नाही. मला वाटलं, इथे सगळं ठाकठीक निघेल. पाय घोट्यातून सोडवला तर आट्यांच्या जागी गंजाचा भुगा. तोही निम्मा झिजलेला. डावा गेला नसता तर थोड्या दिवसांनी उजवा गेला असता.

मग कळलं, आणि तेव्हापासून माझा घास गोड लागत नाही. घोट्याच्या वरच्या भागात ग्रीस होतं, गच्च भरलेलं, वाळून काळं झालेलं. आणि त्याच्या खाली, जिथे आटे फिरतात, तिथे ग्रीसचा थेंब नाही. नुसतं पाणी आणि गंज. ग्रीस घट्ट असतं, ते तिथवर उतरतच नाही. त्या जागी तेल घालायचं असतं, गिअरचं जाड तेल. ते आपोआप खाली झिरपतं. साहेबांनी गाडीबरोबर तेलाचा डबा दिला होता, तुम्हाला आठवत असेल. तो अजून माळ्यावर आहे, भरलेला.

आणि ग्रीस कोणी भरलं ते तुम्हाला मी सांगायला नको. दर खंडेनवमीला आपल्या गॅरेजात हत्यारांची पूजा व्हायची. पाने धुवून पाटावर मांडायचे, जॅकला हळद-कुंकू लागायचं, पण त्याआधी अण्णा आंघोळ करून, सोवळं नेसल्यासारखे, ग्रीसची पिचकारी घेऊन या गाडीखाली जायचे. पहिला मान तिचा. "तेल गळून जातं," म्हणायचे. "ग्रीस कसं, धरून राहतं." वर्षानुवर्षं त्यांनी त्या घोट्यांत प्रेमाने ग्रीस कोंबलं, आणि त्यानेच घोटे कोरडे राहिले.

आता तुम्हीच सांगा. त्यांना हे मी कोणत्या तोंडाने सांगू? त्यांच्याजवळ उरलंय काय? एक वाकडा हात आणि "गाडी माझ्या हाताखालची होती" हे वाक्य. काल त्यांनी विचारलं, "उजवा का बदलतेस?" मी म्हटलं, जुना झालाय. मी खोटं बोलले की त्यांना कळतं, फक्त का बोलले ते कळत नाही.

सांगितलं नाही, तर तुम्ही कायमचे गुन्हेगार. सांगितलं, तर ते. मला सल्ला हवाय. एक ओळ लिहिलीत तरी चालेल.

हर्षाली

रविवार, १४ सप्टेंबर

आप्पा,

पोस्टकार्ड मिळालं. आठ वर्षांनी तुमचं अक्षर बघितलं आणि उड्या मारल्या. मग वाचलं. "दादाला यातलं काही कळू देऊ नको. मला आता सवय झाली आहे. गाडी विंचूरला जाऊ दे."

मला इतका राग आलाय ना! सवय झाली म्हणे. सवय चहाची होते, आप्पा. न केलेल्या गुन्ह्याची कसली सवय? सल्ला मागितला हे खरं. मानेन असं कुठे म्हटलं होतं?

भांडण पुढे चालू ठेवू, आधी आनंदाचं सांगते, नाही तर फुटेन. या गाडीचे पुढचे पाय आणि मद्रासला बनणाऱ्या जुन्या हेराल्ड गाडीचे पाय एकच! त्यामुळे तीन तालुके पालथे घातले, आणि नांदगावला एक हेराल्ड सापडली. भिमाबाई नावाच्या आजींच्या मळ्यात, बाभळीखाली. नवऱ्याची गाडी, नवरा गेल्यापासून तिच्यात कोंबड्या. आजी म्हणाल्या, "पाय ने बाई, नायतरी ती कुठं चालून जाणार हाय? पण कोंबडी अंड्यावं बसलीया. पिल्लं निघस्तवर हात लावायचा नाय." मी आठवडाभर थांबले! कंपनीत रजेच्या अर्जावर काय लिहू सांगा. पिल्लं निघाली, आजींनी फोन केला, आणि मी सुटले. पाय काढून आणले, तडा शोधायचं लाल औषध लावून तपासले. दोन्ही निर्दोष. त्या गाडीला कोणी ग्रीसच घातलं नव्हतं म्हणा ना. नवे पितळी घोटे इंग्लंडहून मागवले होते, तेही त्याच दिवशी आले. मी त्यांना अक्षरशः कानाशी धरून हलवलं, सोन्याच्या पाटल्या हलवतात तसं.

मग सुरू झाली मजा. पाय, घोटे, बुश, स्प्रिंगा, शॉकअप, स्टेअरिंगचे सांधे, सगळं नवं किंवा धुऊन नव्यासारखं. घोट्यांत तेल. अण्णा जवळ नसताना घातलं. बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळायचे नसतात, चाकांवर उभी करून, आत वजन देऊन आवळायचे. म्हणून एका सीटवर आईला बसवलं, दुसरीवर कांद्याची गोणी. अण्णांना म्हटलं बसता का, तर उठून बाहेर गेले. आई बसली ती उतरायलाच तयार नाही. "लग्नात हिच्यातून मिरवायचं कबूल केलं होतं तुझ्या बापानं," म्हणाली.

चाकं सरळ आहेत का ते बघायला दोरा धरायचा होता. मी एक टोक बांधत होते, तेवढ्यात दुसरं टोक आपोआप ताणलं गेलं. वर बघितलं तर अण्णा. वाकडा हात दोरा धरायला एकदम बेस. "अर्धा सूत बाहेर," एवढंच म्हणाले. आणि मोजलं तर बरोबर अर्धा सूतच, इंचाचा सोळावा भाग.

इंजिन आणि ब्रेक मी आधीच थोडे थोडे करून ठेवले होते, संध्याकाळी गल्लीत काढली. आप्पा, ती वळते! आपल्या त्या अरुंद गल्लीत, जिथे रिक्षासुद्धा मागे-पुढे करते, मी एका दमात फिरवली. लंकाबाई ओट्यावरून ओरडल्या, "अगं, ही जागच्या जागी फिरती का काय?" मी आणखी दोनदा फिरवून दाखवली. स्टेअरिंग इतकं नेमकं, की बोटाने लिहावं तसं चाक ऐकतं. तुम्ही का हिच्यामागे वेडे होतात ते मला आज कळलं.

आणि तेवढ्यात मला तुमचं पोस्टकार्ड आठवलं. नाही आप्पा. मी सांगणार. राग येऊ द्या.

हर्षाली

रविवार, २८ सप्टेंबर

आप्पा,

सांगितलं.

मंगळवारी कामावरून आले, अण्णा स्टुलावर होते. मी त्यांच्या मांडीवर जुना उजवा पाय ठेवला. "हा उजवा. हा कठड्याला लागला नव्हता," म्हटलं. त्यांनी अंगठ्याच्या नखाने आटे खरवडले. गंज धोतरावर पडला.

"ग्रीस होतं की," म्हणाले.

"वर होतं, अण्णा. खाली पोचलंच नाही. इथं तेल लागतं."

मग डाव्याची तूट दाखवली, रेषा दाखवल्या, नखाएवढी जागा दाखवली. ते भिंग धरून बघत राहिले. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. आयुष्यभर लोखंड बघितलेला माणूस, लोखंड खोटं बोलत नाही हे त्यांना माहीत आहे.

"साहेब दर येळी सांगायचे, निवृत्ती, तेल घाल," ते म्हणाले. "मला वाटायचं, साहेबांना काय कळतंय." मग म्हणाले, "दीपक सांगत होता. मी त्याला बोलू दिलं नाय." आठ वर्षांनी तुमचं नाव घेतलं त्यांनी, आप्पा.

रात्री जेवले नाहीत. आई माझ्यावर चिडली, मी स्वतःवर चिडले. बुधवारी त्यांनी चहाला हात लावला नाही. मला वाटलं, आप्पा म्हणत होते तेच खरं होतं, मी म्हाताऱ्या माणसाचा उरलासुरला आधार काढून घेतला. तुमच्यापासून लपवत नाही, गुरुवारी मी फार घाबरले होते.

मग मी एक केलं. तुमचं पोस्टकार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. "सवय झाली म्हणतो," म्हणाले, आणि रडले. हात मोडला तेव्हा रडले नव्हते, आजी गेली तेव्हा रडले नव्हते. लहान मुलासारखे रडले. आई पदराने त्यांचं तोंड पुसत होती आणि स्वतःही रडत होती, आणि मी मूर्खासारखी पान्यांचा डबा आवरत बसले. पण आप्पा, त्यानंतर त्यांनी जेवायला मागितलं. दोन भाकरी खाल्ल्या.

शुक्रवारपासून तर घरात वेगळाच माणूस वावरतोय. विंचूरच्या मालकाला फोन केला, "गाडी देत नाय. कुंडी हवी तर कुंभाराकडं जा." माझ्या प्रत्येक बोल्टवर पाना लावून बघितला. एक ढिला निघाला, त्यावर मला तासभर ऐकवलं. मी आनंदाने ऐकून घेतलं. आणि आज सकाळी विचारतात, "नामपूरचा रस्ता आता कसा हाय? चौपदरी झाला का?"

दसऱ्याला येतोय. हे पत्र वेळेत पोचलं तर काकूंना मांडे करायला सांगा. आणि तुम्ही कुठे पळून जाऊ नका.

हर्षाली

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा
नामपूर, तुमच्याच घराची ओसरी

आप्पा,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, दाराखालून सरकवतेय. काकूंच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलंय, अक्षर समजून घ्या. काकू म्हणतात, "हॉर्न वाजना आनि त्या खोलीमा दार लाईसन बठेल शेतस." आम्ही इतके लांबून आलो आणि हॉर्न ऐकून तुम्ही नव्या नवरीसारखे दार लावून आत! दारावर मी चार वेळा थाप मारली, तुमचा श्वास ऐकू येतोय. बोलत नसाल तर वाचा.

गाडी मस्त आली. चांदवडपर्यंत मी गाणीच म्हणत होते. खाली मान घालून, जमिनीला चिकटून धावते, आणि वळण आलं की नुसतं मनात आणायचं. रस्त्यात लोक हात करत होते. सोग्रसला चहा प्यायलो तर निम्मं गाव भोवती. अण्णांनी सगळ्यांना बॉनेट उघडून दाखवलं आणि म्हणाले, "पोरीनं केलंय." मी चहा सांडला.

भावडबारी आली तेव्हा मात्र मी वेग कमी केला.  त्या वळणाच्या अलीकडे अण्णांनी डाव्या हाताने दार घट्ट धरलं. मी गाडी सावकाश घातली, आणि ती अशी वळली जशी ती जागा तिला ठाऊकच नाही. पलीकडे गेल्यावर अण्णा म्हणाले, "थांबव." मला वाटलं, त्यांना बरं वाटत नाही. ते उतरले, रस्त्याकडेच्या आपट्याची फांदी मोडून आणली आणि मांडीवर ठेवून बसले. धाकट्याने मोठ्याच्या दारी सोनं न्यायचं असतं, हे त्यांना माहीत आहे. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "चूक ज्याची, त्यानं जावं."

आता ते तुमच्या दारात आहेत. अजून उतरले नाहीत. काकूंनी ओवाळायला ताट नेलं, पाणी नेलं, आत चला म्हणून तीनदा विनवलं, तरी नाही. डाव्या सीटवर मांडीवर आपटा घेऊन बसलेत आणि अख्खी गल्ली गोळा झाली आहे. किल्ली मी गाडीतच ठेवली आहे आणि माझी जागा सोडली आहे. गाडीत दोघंच मावतात, तर मी इथे मांडे खात बसणार आहे.

त्यांनी मला एवढंच लिहायला सांगितलंय, शब्द त्यांचेच आहेत. "दीपकला म्हणावं, मला भावडबारीपर्यंत घेऊन चल. गाडी तू चालवायची. वळण आलं की मी डोळे मिटून बसणार हाय."